चाकाची फळी

"लागला!"

"नाय लागला!"

"अगो, तुझ्या पायाला माझं बोट लागलं. बघ, बोटाला माती हाय माझ्या!"

"माती काय, सगळ्या खाचरात मातीच हाय!"

सकाळी सकाळी चाफेपाड्याच्या खालच्या खाचरात हे भांडण रंगलं होतं. भात केव्हाच कापून, झोडून घरात गेलेलं. मे महिन्याच्या उन्हानं जमीन टणक झालेली, आणि तिच्यावर चुन्याच्या रेघा मारून दामिनीताईंनी सुट्टीतलं कबड्डीचं शिबिर मांडलेलं. दामिनीताई म्हणजे याच पाड्याची लेक. एके काळी जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या, आता मुरबाडच्या एका शाळेत खेळ शिकवायच्या. सुट्टी लागली की शिट्टी गळ्यात अडकवून त्या डोळखांबच्या गाडीतून उतरायच्या, आणि पाड्यातल्या पोरींचं सकाळी उशिरापर्यंत लोळणं बंद व्हायचं.

भांडत होत्या योगिनी आणि हिरी. दोघी एकाच वर्गातल्या, आता नववीत जाणाऱ्या. योगिनी संघाची कर्णधार. हिरी अंगानं काडीएवढी, पण चढाईला गेली की भल्याभल्यांच्या हाती लागायची नाही. येत्या रविवारी सिद्धगडाच्या पायथ्याच्या मुलींचा संघ सामना खेळायला येणार होता, आणि सगळी भिस्त हिरीवर होती.

"ताई, तुम्ही सांगा ना! टीव्हीवर कसा रिव्ह्यू घेतात!" संदेश बांधावरून ओरडला. संदेश म्हणजे योगिनीचा आतेभाऊ. कल्याणहून सुट्टीला आलेला. सामन्याचं धावतं वर्णन करण्याची जबाबदारी त्यानं स्वतःच स्वतःकडे घेतली होती. कुणी दिली नव्हती.

दामिनीताईंनी शिट्टी ओठाला लावलीसुद्धा नाही. "मला नाही दिसलं. पण योगिनीला ठाऊक आहे. पाय तिचा आहे."

योगिनीनं ओठ चावला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग हळूच हात वर केला. "लागला," ती पुटपुटली.

"शाबास. बस बाहेर. समोरचा गडी टिपला की परत आत ये."

त्या शिबिराचा सगळ्यात अवघड नियम हाच होता. बाद झालं की शिट्टीची वाट बघायची नाही, स्वतः हात वर करायचा. धावणं जमायचं, उठाबशा जमायच्या, पण हा एक हात काही केल्या वर जायचा नाही. तो आपला मणामणाचा व्हायचा!

योगिनी रेघेबाहेर टेकते न टेकते तोच वरच्या वाटेवरून अक्षदा धावत आली. अक्षदा संघातली सगळ्यात लहान, पाचवीतली. बोलायची कमी, बघायची जास्त. आज मात्र तिला दम धरवेना.

"डोह... डोह गेला!"

"गेला म्हंजे? कुठं गेला?"

"आटला गो! पार चिखल झालाय. आन् सगळी मान्सं हिरीच्या बापसाला वरडतायत!"

हिरी काही न बोलता सुटली. मागोमाग सगळी पळाली.

चाफेपाड्याला उन्हाळ्यात जीव होता तो त्या डोहाचा. ओढ्यावर दगडी खांबांचा जुना बंधारा होता. खांबांना खाचा. दिवाळी झाली की अख्खा पाडा श्रमदानाला उतरायचा आणि त्या खाचांमध्ये लाकडी फळ्यांच्या दोन भिंती बसवून मधे चिकणमाती ठासायचा. फळ्या घरटी एक. ज्यानं त्यानं आपली फळी आपल्या हातानं बसवायची अशी रीत. ओळखू यावी म्हणून प्रत्येक घराची डांबरानं काढलेली खूण असायची. कुणाचा मासा, कुणाचा कोयता, कुणाची चांदणी. योगिनीच्या घराची खूण होती बैलगाडीचं चाक. यंदा ते तिनंच काढलं होतं, आणि जरा अंड्यासारखं आलं म्हणून धनेशकाकानं तिला महिनाभर चिडवलं होतं.

आता त्या बंधाऱ्यात मोठं भगदाड पडलं होतं. फळ्या वाहून गेल्या होत्या. डोहाच्या तळाला चिखल, आणि चिखलात तडफडून मेलेली थोडी बारीक मासळी. शेजारच्या विहिरीत डोहाचंच पाणी पाझरायचं. ती पण खाली गेली होती. बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या, गुरं चिखल हुंगून परत फिरत होती.

"तुझ्या भरवशावर बंधारा टाकला रे आमी, महादू!" सरपंच देवकीकाकू कडाडल्या. "राखणीला ठेवला ना तुला? मग फळ्या उघडल्या कोणी?"

हिरीचा बाप, महादू, मान खाली घालून उभा होता. बंधाऱ्यापाशी त्याची खोपी होती. बंधारा राखायचा, आणि त्या बदल्यात काठाच्या पट्टीत भेंडी-वांगी करायची, असं गावानं दोन वर्षांमागं ठरवलं होतं. त्याआधी तो दर दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायचा. बिऱ्हाडाबरोबर हिरी जायची, आणि हिरीची शाळा जायची.

"काल सांजचा मी पंकजच्या लग्नाच्या मांडवात होतो काकू," महादू म्हणाला. "खड्डे खणाया तुमीच बोलावला ना मला? तिथंच जेवलो. रातच्याला येऊन निजलो, काय बगितलं नाय."

"कारणं नको सांगू!" मागून कुणीतरी ओरडलं. "ह्याच्याच लोकांनी मासं धरायला उघडला असंल! दुसरं कोण करणार?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पण एकानं म्हटलं की दहा जण मान डोलवतात. देवकीकाकूंनी निकाल दिला. रविवारी सामन्याला सगळा पाडा जमेल, तिथंच बैठक घ्यायची. महादूनं खोपी सोडायची, राखण दुसऱ्याला द्यायची.

हिरीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे परत भट्टी," ती एवढंच म्हणाली, आणि बापाचा हात धरून खोपीत गेली. त्या दिवशी ती खेळायला परतली नाही.

योगिनीला जेवण गेलं नाही. "संदेश, अक्षदा, चला!" ती दुपारीच उठली. "फळ्या शोधू. काय झालं ते बघू तरी."

"डिटेक्टिव्ह का काम!" संदेशनं टोपी उलटी केली. "मी तपासप्रमुख!"

"तू फळ्या उचल. प्रमुख मी हाय."

ओढ्याच्या पात्रातून तिघं खाली खाली गेली. फळ्या कुठे दगडात अडकलेल्या, कुठे निर्गुडीच्या जाळीत. ओढून ओढून तिघांच्या हातांना फोड आले. एकेक फळी बंधाऱ्यापाशी आणून ती धुवायची आणि खूण बघायची. मासा आला, कोयता आला, चांदणी आली. अक्षदा मात्र फळ्या सोडून खांबांच्या खाचांत डोकं घालून बसली होती.

"योगिनीताई, हितं बघ. दगडाला ओरखडा हाय. ताजा."

खाचेच्या तोंडाशी दगड पांढरा झाला होता. कुणीतरी तिथं पहार घालून फळी उचकटली होती.

"म्हणजे एकच फळी काढली," योगिनी विचार करत म्हणाली. "मग पाण्याचा जोर आला, माती सुटली, आन् बाकीच्या आपोआप गेल्या. कुठली फळी होती ही?"

तिघांनी सगळ्या फळ्या पुन्हा बघितल्या. सगळ्या घरांच्या होत्या. नव्हती ती एकच. चाकाची.

"आपली?" संदेशचं तोंड उघडंच राहिलं. "आपली फळी कोण चोरणार?"

योगिनीनं पुन्हा एकदा सगळ्या फळ्या मोजल्या. "वाहून लांब गेली असंल," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत शोधलं. फळी नाही. थकून तिघं पाड्यात शिरली. पंकजचं लग्न सोमवारी होतं, त्याच्या दारात मांडव सजत होता. रस्ता आणि मांडव यांच्यामध्ये गटार. त्यावरून पाहुण्यांना यायला आडवी फळी टाकलेली. आत्ताच देवकीकाकू तिच्यावरून मांडवात गेल्या होत्या, 'चोर सापडलाच पाहिजे' असं कुणाला तरी सांगत. संदेश त्यांच्या मागून ऐटीत निघाला आणि फळीच्या कडेला ठेचकाळून धाडकन पडला. फळी अर्धी उलटली.

खालच्या बाजूला, चिखलातून, अंड्यासारखं एक चाक वर बघत होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळा पाडा दिवसभर त्या फळीवरून ये-जा करत होता.

"काय रे, लागलं का?" पंकज आतून धावत आला. नवरदेवाच्या हाताला विड्याच्या पानांचा हिरवा रंग. "सांभाळून चला रे. धनेशनं आणून टाकली ती फळी. म्हणाला, घरचीच हाय."

धनेशकाका! योगिनीला एकदम कालची, गुरुवारची संध्याकाळ आठवली. काका मांडवात आला तेव्हा त्याची पँट मांड्यांपर्यंत ओली होती आणि हातात मासळीनं भरलेली गोणी होती. मग मोठ्या टोपात कालवण रटरटलं. मांडवात कामाला आलेले सगळे जेवले. महादू जेवला, देवकीकाकूंनी तर बोटं चाटली. आणि योगिनीनं दोनदा मागून घेतलं होतं. 'एवढे मासे कुठून आणलेस रे काका?' असं विचारावंसं तिला वाटलं होतं. पण कालवण गरम होतं, चव फक्कड होती, आणि तिनं विचारलं नव्हतं.

"चोर मिल गया!" संदेशनं खिशातून मोबाईल काढला. "फोटो काढतो. गावच्या ग्रुपवर टाकतो. दोन मिनिटांत खेळ खल्लास!"

"थांब!" योगिनीनं त्याचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भिवंडीच्या गोदामातून दिवसभराची हमाली करून येणारा, आल्या आल्या 'चल, एक चढाई घे' म्हणणारा, तिला बोट धरून मध्यरेषेवर उभी करणारा काका तो! "आधी दामिनीताईंकडे जाऊ."

दामिनीताई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही.

"धनेश माझ्या पहिल्या शिबिरातला," त्या शेवटी म्हणाल्या. "पकड चांगली होती. हात मात्र त्याचाही वर जायचा नाही."

"तुमी त्याला झापा ना ताई. तुमचं ऐकंल तो."

"झापलं तर तो काय करेल?"

योगिनीनं विचार केला. "भांडंल. म्हणेल मी नाय."

"पंचानं बाद दिलं की गडी पंचाशी भांडतो. मग कुणाला फळीचं पडलेलं नसतं, सगळ्यांना भांडणाचं पडलेलं असतं." ताईंनी एक शेंग तिच्या हातात ठेवली. "त्यालाच बोलू दे. तू विचार."

"मी? मी काय विचारू? का केलंस म्हणून?"

"का नको. का विचारलं की माणूस कारणं शोधायला लागतो. मोठी माणसं तर फार पटकन शोधतात! काय झालं ते विचार. आता काय करायचं ते विचार. आणि मग गप्प बस. गप्प बसणंच अवघड असतं."

"आन् तो बोललाच नाय तर? हिरीची शाळा?"

"तर रविवारच्या बैठकीत तू आणि मी उभं राहून सांगायचं. हिरीला लटकत ठेवायचं नाही. पण तोवर त्याला एक संधी द्यायची. आणि हिरीला आजच सगळं सांग. लपवू नकोस."

हिरीला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. खोपीसमोर ती भेंडीच्या वाफ्याला कळशीनं थोडं थोडं पाणी घालत होती. लांबून आणलेलं पाणी. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

"तुझा काका हाय म्हणून थांबलीस," ती म्हणाली. "माझा असता तर आत्तापर्यंत सगळ्या पाड्याला कळला असता."

योगिनीनं मान खाली घातली. कारण ते खरंच होतं.

"रविवारपर्यंत थांबते," हिरी म्हणाली. "बैठक लागली की मी सांगेन."

"आन् सामना?"

हिरीनं कळशी खाली ठेवली. "बाद झाला त्यानं भाएर बसायचं ना? मी बाद नाय. मी का बसू भाएर? येते मी!"

शनिवारी दुपारी धनेशकाका अर्ध्या दिवसाची ड्युटी करून आला. "काका, चल ना," योगिनी म्हणाली, "आमाला फळ्या लावायला मदत कर." काका कुरकुरत निघाला. बंधाऱ्यापाशी पोरांनी काठावर सगळ्या फळ्या मांडून ठेवल्या होत्या. अगदी बंधाऱ्यात बसतात त्या क्रमानं. मासा, कोयता, चांदणी... आणि बरोबर मधोमध एका फळीची रिकामी जागा.

काका त्या जागेपाशी येऊन थबकला.

"काय झालं असंल रे काका?" योगिनीनं विचारलं.

"काय झालं म्हंजे? पाण्याचा जोर. जुना बंधारा."

"बरं. मग आता काय करायचं?"

आणि ती गप्प बसली. संदेश काहीतरी बोलणार होता, अक्षदानं त्याच्या पायावर पाय दिला. कुणीच बोलेना. पलीकडे हिरीची आई चिखलात खड्डा करून वाटीनं पाणी गोळा करत होती. वाटी घासल्याचा आवाज तेवढा येत होता. काकानं एकदा तिकडं बघितलं, आणि पटकन नजर वळवली.

"ती फळी आपलीच हाय," तो एकदम चिडून म्हणाला. "गेली तर आपली गेली! दुसऱ्याच्या बापाचं काय गेलं?"

"फळी आपली हाय," योगिनी हळूच म्हणाली. "पण पाणी?"

"तुमी पोरं ना, लय शाणी झालीत! खेळायचं सोडून नसते उद्योग!" काका तरातरा निघून गेला.

"फेल," संदेश म्हणाला. "टोटल फेल!"

योगिनीला रडू आवरेना. तिनं सगळं ताईंनी सांगितलं तसंच केलं होतं. तरी काका गेलाच.

रविवारी दुपार कलल्यावर सामना सुरू झाला. खाचराच्या चारी बांधांवर माणसंच माणसं. पंच म्हणून दरवर्षीप्रमाणे धनेशकाका. हिरी मैदानात उतरली तेव्हा काही जण कुजबुजले. तिनं मातीला हात लावून कपाळाला लावला आणि पहिल्याच चढाईत दोन गडी टिपून आणले! कुजबुज बंद झाली. संदेशचा आवाज मात्र बसेपर्यंत चालू होता.

पण सिद्धगडाकडच्या पोरीही काही कमी नव्हत्या. डोंगर चढून उतरून पाय कसलेले. शेवट आला तेव्हा गुण बरोबरीत, आणि शेवटची चढाई योगिनीची.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

ती डाव्या कोपऱ्यात घुसली. कोपऱ्यातली पोर मागे सरली. योगिनीनं पाय लांबवला, तोल गेला, सावरला, आणि हात झेपावून त्या पोरीच्या खांद्याला शिवला. मग वळून एका दमात मध्यरेषा! धनेशकाकाची शिट्टी वाजली. गुण चाफेपाड्याचा! बांधांवरून माणसं नाचत खाली आली. देवकीकाकूंनी पदर खोचून फेर धरला.

योगिनी मात्र जागची हलली नव्हती. खांद्याला हात लागायच्या आधी तिचा अंगठा चुन्याच्या रेघेबाहेर टेकला होता. कुणी पाहिलं नव्हतं. ताईंनी नाही, काकानं नाही. समोरच्या पोरींनीही नाही. अंगठ्याला चुना होता, तो मातीत घासला तर तोही गेला असता.

हात मणाचा झाला होता. तिनं तो वर केला.

"मी बाद," ती म्हणाली. "पाय भाएर गेला होता. आधी."

"अगो, काय बोलतेस!" "वेडी का खुळी!" "कुणी बगितलं नाय ना!" चारी बाजूंनी आवाज उठले. सामना एका गुणानं गेला. समोरच्या संघाची कर्णधार धावत आली आणि तिनं योगिनीला मिठीच मारली. पण योगिनीचं लक्ष काकाकडे होतं. काका शिट्टी हातात धरून तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. कितीतरी वेळ.

तिथंच खाचरात बैठक बसली. महादूला समोर उभं केलं. देवकीकाकूंनी घसा खाकरला. "तर मंडळी, बंधाऱ्याची राखण—"

योगिनीनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान डोलवली. पलीकडे हिरी उठायच्या बेतात होती. आता बोलायलाच हवं होतं. योगिनी उठणार, तेवढ्यात मैदानाच्या मधोमध एक हात वर गेला.

धनेशकाका मध्यरेषेवर उभा होता.

"मी बाद," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"फळी मी काढली. पंकजच्या मांडवाला मासं हवं होतं. वाटलं, पाणी जरा कमी झालं की मासं हाताला येतील, मग फळी परत बसवू. आमच्याच घरची फळी, कुणाला काय विचारायचं, असं म्हटलं. पण पाण्यानं बसवूच दिली नाय. माती सुटली. मी घाबरलो. फळी उचलून मांडवासमोर टाकली आन् गप्प बसलो. महादूदादाला सगळी बोलली, तेव्हा मी तिथंच होतो. तरी गप्प बसलो." त्यानं महादूकडे पाहिलं. "फळी माझी होती. पाणी माझं नव्हतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली.

मग योगिनी उठली. तिचाही हात वर होता. "मासं मी पण खाल्ले. दोनदा घेतले. कुठून आले ते विचारावंसं वाटलं होतं, विचारलं नाय."

पंकजनं मान खाली घालून हात वर केला. मग मांडवात जेवलेल्या आणखी कुणीकुणी. देवकीकाकू बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. शेवटी त्यांचाही हात खांद्यापर्यंत आला. "मी तर त्या फळीवरनं चारदा गेले रे बाबांनो! आन् वर चोर शोधत होते!" हसू फुटलं. पण त्या हसल्या नाहीत. महादूकडे वळून म्हणाल्या, "महादू, चुकलं आमचं. तूच राखायचा बंधारा."

"चुकलं ते झालं," असं कुणीतरी घाईघाईनं म्हणालं आणि माणसं उठायला लागली. तेव्हा हिरी पुढं झाली.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं. सरळ धनेशकाकाच्या डोळ्यांत बघून. "पाणी तर गेलं ना. आमची भेंडी वाळतेय. गुरं तहानलीत. आता काय?"

आणि ती गप्प उभी राहिली.

उठलेली माणसं परत बसली. धनेशकाकानं डोकं खाजवलं. "पंकजच्या मेव्हण्याचा टेम्पो हाय," तो म्हणाला. "पाऊस लागेपर्यंत ड्युटीला जायच्या आधी रोज पाणी आणतो. आधी गुरांना, मग तुमच्या भेंडीला. आन् दिवाळीला माती मी ठासणार. महादूदादा दाखवील तशी." तो महादूकडे वळला. "दादा, मला शिकवशील?"

महादूनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. राग त्याचाही होता, आणि तो एका दिवसात जाणारा नव्हता. "पहाटंचा उठशील काय पर तू?" त्यानं विचारलं.

"उठवायला मी हाय!" योगिनी ओरडली.

माणसं पांगली तेव्हा देवकीकाकू मुद्दाम पोरांपाशी आल्या. "तुमी पोरांनी आज आमची इभ्रत राखली," त्या म्हणाल्या आणि अक्षदाच्या गालावरून हात फिरवला. दामिनीताईंनी आपल्या गळ्यातली शिट्टी काढून योगिनीच्या गळ्यात घातली. "पुढच्या वर्षी लहान्यांचं शिबिर तू घ्यायचं. सामना हरलीस, मला वाईट वाटलं. पण असा हरलेला संघ मला आवडतो." योगिनी रडत रडत हसली. संदेश म्हणाला, "ताई, पण धावतं वर्णन माझंच हं!"

दुसऱ्या दिवशी पंकजच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांना गटार उडी मारून ओलांडावं लागलं. फळी जागेवर गेली होती. सगळ्यात लांब उडी देवकीकाकूंची.

काकानं शब्द पाळला. दोनदा झोपून राहिला, दोन्ही वेळा योगिनीनं खिडकीत शिट्टी फुंकली. भेंडी अर्धी वाळली, अर्धी वाचली. आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी काका डोळखांबच्या वखारीतून एक कोरी करकरीत फळी खांद्यावर घेऊन खोपीवर आला. बंधारा राखणाऱ्या घराची बंधाऱ्यात एकही फळी नव्हती, हे दोन वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"खूण काढ," तो हिरीला म्हणाला आणि डांबराचा डबा पुढं केला.

"चाक नको काढू, अंडं होतं त्याचं!" संदेशनं कल्याणहून फोनवर सल्ला दिला.

हिरीनं थोडा विचार केला. मग काडी बाजूला ठेवली, उजवा तळवा सरळ डब्यात बुडवला आणि फळीवर दाबला. पाच बोटं, अगदी ठसठशीत. महादू ओरडला, आईनं घासलेट आणलं, राख आणली, दोघींनी मिळून घासघास घासलं.

पण डांबर ते डांबर. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी नववीची हजेरी घेतली, आणि नाव पुकारताच हिरीनं जो हात वर केला, तो काळाकुट्ट होता.